पलंगाखालची पार्सलं आणि आगोटीची यादी

पत्र:

"मी चिपळूणची, वय ३९. पतसंस्थेत नोकरी करते. मिस्टर लोट्याला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्युटी. घरी सासूबाई आणि दोन मुलं. २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावरचं सगळं गेलं. पुन्हा घर उभं करताना मोबाईलवरून वस्तू मागवायची सवय लागली, ती सुटलीच नाही. आता गरज नसतानाही मागवते. डबे, चादरी, कुर्ते, चपला, मुलांची खेळणी, स्वयंपाकघरातल्या काय काय वस्तू. मिस्टरांची रात्रपाळी असली की हमखास काहीतरी ऑर्डर होतं. काही पार्सलं न फोडताच पलंगाखाली ढकलून ठेवली आहेत. क्रेडिट कार्डाची थकबाकी चाळीस हजारांवर गेली आहे आणि हे घरात कुणालाच माहीत नाही. मी ठरवलंय, एक वर्ष अनावश्यक काही घ्यायचं नाही. मैत्रीण म्हणते, हे नवं फॅड आहे, महिनाभरही टिकणार नाही. मध्ये गणपती, दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू, डिसेंबरात भाचीचं लग्न. जमेल का मला? सुरुवात कुठून करू?"

उत्तर:

ताई,

जमेल. मैत्रिणीचं म्हणणं एका बाजूने खरं आहे, कारण 'उद्यापासून काही म्हणजे काही घ्यायचं नाही' ही शपथ महिनाभरात मोडते. टिकते ती यादी. आणि यादी करून दिवस कसे काढायचे, हे कोकणातल्या बाईला बाहेरून कुणी येऊन शिकवायला नको. वैशाख सरत आलाय, घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, खरेदी चालू आहे. तुमची सुरुवात तिथूनच होऊ दे.

सासूबाईंना शेजारी बसवा आणि त्यांच्याकडून पूर्वीची आगोटीची यादी तोंडी वदवून घ्या. तांदूळ, कुळीथ, मिरची, घरचा मसाला, मीठ, आमसुलं, कांद्या-लसणाच्या माळा, सुके बोंबील, सोडे, जवळा, लाकूडफाटा. घरात खाणारी तोंडं किती, त्यावर माप ठरायचं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून सुक्याची सोय आधी. गणपतीला पाहुणे किती येणार, त्याचा अंदाज आधी. एकावर एक फुकट मिळतंय म्हणून कुणी दुप्पट बोंबील भरून ठेवत नाही, कारण जास्तीचे सादळतात आणि श्रावणापर्यंत किडतात. शिवाय हे सगळं ठरतं दिवसाढवळ्या, डोकं शांत असताना, घरातल्या दोघा-तिघांशी बोलून. तुमची खरेदी ठरते रात्री साडेअकराला, एकटीने, अंथरुणात पडल्या पडल्या. खरा फरक इथे आहे, आणि वर्षभर बदलायची गोष्टही हीच आहे. खरेदी बंद करायचा हट्ट सोडा. वर्षाची खरेदी आधी ठरवा, आणि जे ठरलं नाही त्याला थांबायला लावा.

म्हणून वर्ष धरा मृगापासून पुढच्या मृगापर्यंत. १ जानेवारीचे संकल्प आपल्या मातीत रुजत नाहीत. पाऊस लागायच्या आत सगळं जागच्या जागी लावायची सवय मात्र तुमच्या हातांत आधीपासून आहे.

अजून चार-सहा दिवस कडक ऊन मिळेल. गाद्या, गोधड्या, डाळी, कडधान्यं आपण या दिवसांत उन्हात घालतोच. यंदा त्यांच्याबरोबर कपाटंही पूर्ण रिकामी करा आणि पलंगाखालची पार्सलं ओढून अंगणात आणा. मुलं खेळायला आणि सासूबाई देवळात गेल्यावर गुपचूप नको, सगळ्यांसमोर फोडा. चपलांचे जोड आधी बघा. हल्लीच्या चपला-बुटांचे हलके, मऊ तळ बऱ्याचदा पॉलियुरेथेनचे असतात. हवेतला ओलावा हळूहळू त्यात मुरतो आणि तो पदार्थ आतून तुटत जातो. आश्चर्य म्हणजे रोजच्या वापरातल्या जोडापेक्षा खोक्यात पडून राहिलेला जोड अनेकदा आधी जातो. वरून अगदी कोरा दिसतो, आणि घालून चार पावलं टाकली की तळाचे तुकडे पडायला लागतात. रेक्झिनच्या पर्सचे पापुद्रे सुटतात, तेही अशाच कारणाने. जरीच्या साड्यांची जर काळी पडते. मिक्सरच्या, इस्त्रीच्या धातूच्या भागांना गंज धरतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. या हवेत वस्तू नुसती ठेवून टिकत नाही. पुढे कधीतरी लागेल म्हणून घेतलेली वस्तू इथे पुढेपर्यंत पोचतच नाही.

जी पार्सलं परत करायच्या मुदतीत आहेत, ती आजच परत पाठवा. उद्यावर टाकलंत की मुदत संपते, हा सगळ्यांचाच अनुभव असतो. जी वापरण्याजोगी आहेत ती वापरात काढा, आणि 'चांगली' म्हणून पुन्हा कपाटात घालू नका. नवी चादर आज रात्रीच अंथरा. जी तुमच्या घरात लागणारच नाहीत, ती ज्यांना लागतील त्यांना देऊन टाका. आणि हे करत असताना एका शंभर पानी वहीत मोजणी लिहा. चादरी किती, टॉवेल किती, कुर्ते किती, पाण्याच्या बाटल्या किती. आकडा बघून स्वतःला बोल लावत बसू नका. वर्षाची यादी करायला तो आकडा लागणार आहे, एवढंच त्याचं काम.

त्याच वहीत यादी करा. जूनमध्ये मुलांची शाळा, त्यांचे रेनकोट, छत्र्या, गळक्या जागी ताडपत्री, मोडकी कौलं किंवा पत्रा, पावसाळी चपलांचा एकेक चांगला जोड, सासूबाईंची औषधं. यांत हात आखडता घेऊ नका. पावसाळ्याच्या तोंडावर घराच्या छपराला पैसे नाकारणं म्हणजे काटकसर नव्हे. दिवाळीला मुलांना एकेक कपडा, तोही यादीत. घरातली एखादी वस्तू संपली किंवा मोडली आणि दुरुस्त होत नसेल, तर तिच्या जागी दुसरी घ्यायला परवानगी. पण आधी दुरुस्तीला न्यायची. बॅगेची चेन, छत्रीची काडी, कुकरची शिट्टी, चपलेचा अंगठा, ही कामं करून देणारी माणसं तालुक्याच्या बाजारात अजून बसतात. आणि महिन्याला एक ठरावीक रक्कम हौसेची ठेवा, तुमच्या एकटीची. गजरा घ्या, नेलपॉलिश घ्या, वडापाव खा, त्याचा हिशोब कुणाला द्यायचा नाही. हौस पार मारून टाकलेलं वर्ष पाचव्या महिन्यात फुटतं, आणि फुटलं की आठवडाभरात वर्षाची खरेदी होते.

यादीत नसलेलं काही मनात आलं की वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. वस्तू, किंमत, तारीख, आणि कशासाठी हवी ते एका ओळीत. लगेच घ्यायचं नाही, पण मनाला नाहीही म्हणायचं नाही. ते पान उघडायचं संकष्टीला, चंद्रोदयाची वाट बघत बसतो त्या वेळात. महिन्यातून एकदाच. तोवर जी वस्तू आठवणीतूनच गेली, तिच्यावर काट मारायची. जी अजूनही हवी आहे आणि हौसेच्या पैशात बसते, ती घ्यायची.

आता मोबाईल. रात्रपाळीच्या दिवशी घर शांत होतं, मुलं झोपतात, तुम्ही जाग्या असता. त्या वेळी स्क्रीनवर जे दिसतं ते तुमच्यासारख्या दमलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवूनच बनवलेलं असतं. 'फक्त २ शिल्लक', उलटं धावणारं घड्याळ, टोपलीत आपोआप शिरलेली जादा वस्तू, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहिलेलं नकाराचं बटण. या युक्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये नियमावली काढून आळा घातला आहे. अशा तेरा प्रकारांची त्यात नावानिशी नोंद आहे आणि खोटी घाई लावणं हा त्यांतला एक. असं काही तुमच्या बाबतीत घडलं, न मागवलेल्या वस्तूचे पैसे कापले गेले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. हे मी एवढ्यासाठी सांगते आहे, की पत्रभर तुम्ही स्वतःलाच दोष दिलाय. समोर कसलेली माणसं बसली आहेत, हेही ध्यानात घ्या.

म्हणून लढाई रात्री साडेअकराला लढायचीच नाही. खरेदीची सगळी ॲप काढून टाका. काढण्याआधी प्रत्येक ठिकाणी साठवलेलं कार्ड पुसा. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने विक्रेत्यांना तुमच्या कार्डाचा खरा नंबर साठवता येत नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे बदली नंबर असतो. पण त्या टोकनानेही एका बोटावर खरेदी होतेच, त्यामुळे तेही काढायला हवं. खरेदीचे मेसेज आणि ईमेल बंद करा. रात्री फोन माजघरात चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ उशाशी ठेवा. घड्याळ घरात नसेल तर ते यादीत घाला, मी सांगते आहे म्हणून घाला. ॲपशिवाय एखादी गरजेची वस्तू मिळेना, तर दुपारी, कार्यालयाच्या जेवणाच्या सुट्टीत, संगणकावरून मागवा.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. तळमजल्यावरचं सगळं गेलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं आणि शिव नदीचं पाणी चिपळुणात कसं शिरलं आणि ओसरल्यावर बाजारपेठेत काय पडलं होतं, ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. गाद्या, कपाटं, फ्रीज, दुकानांतली कापडं, मुलांची वह्या-पुस्तकं, सगळं चिखलाच्या एकाच रंगाचं. २००५ च्या जुलैनंतर सोळा वर्षांनी लोकांनी तेच पुन्हा पाहिलं. जिनं आपला संसार फावड्याने घराबाहेर ओढला, तिला पुढे प्रत्येक वस्तू दोन-दोन असाव्यात असं वाटत राहिलं, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ताई, दहा चादरी पुरातून वाचवत नाहीत. पाणी आलं तर दहाच्या दहा भिजतात.

भीती खरी आहे, तर तिच्यासाठी खरंच उपयोगी पडेल तेवढं करा. महत्त्वाची कागदपत्रं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाईकांकडे. जी डिजिलॉकरमध्ये जातात ती तिथे. एक चांगली टॉर्च, पॉवर बँक, आठवड्याची औषधं, कोरडा खाऊ, दोर. धान्याचे डबे आणि गिरणीतून आणलेलं पीठ तळमजल्यावर असेल तर माळ्यावर. आणि घराचा विमा. सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी एप्रिल २०२१ पासून मिळते, तिच्यात पुराचं नुकसान धरलेलं आहे. घराच्या इमारतीचा विमा काढला की आतल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, त्यातच संरक्षण मिळतं. एका वर्षाच्या हप्त्याची रक्कम विचारून घ्या आणि गेल्या महिन्याच्या पार्सलांच्या बिलाशेजारी वहीत लिहा. तुम्हाला घर सुरक्षित करायचं होतं ना, मग पैसा इथे जाऊ दे.

आणि पावसाची झड लागली की छातीत धडधड होते, पाण्याचा आवाज ऐकून झोप उडते, आणि तेव्हाच हात फोनकडे जातो, असं असेल तर ते वहीने सुटणारं नाही. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. फोन करा. पुरानंतर इतक्या वर्षांनी कसं सांगू, असा संकोच करू नका.

आता कार्ड. तुम्ही पतसंस्थेत बसता, व्याज तुम्हाला मी शिकवायची गरज नाही, पण स्वतःच्या कर्जाकडे माणूस त्या नजरेने बघत नाही. महिना साडेतीन टक्के धरा. चाळीस हजारांवर चौदाशे रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २५२. किमान रक्कम म्हणून दोन हजार भरलेत, तर मुद्दलातून जेमतेम साडेतीनशे गेले. शिवाय थकबाकी असताना कार्डावर नवीन काही घेतलं, तर त्यावर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. कर धरून वर्षाला जवळजवळ पन्नास टक्क्यांचं हे कर्ज आहे. तुमच्या पतसंस्थेत कुणी या दराने कर्ज मागितलं असतं, तर तुम्ही त्याला समोर बसवून समजावलं असतं. नावावर एखादी सात टक्क्यांची ठेव असेल तर ती मोडा आणि कार्ड एकदम फेडा. ठेव नसेल तर पगारावर किंवा सोन्यावर कमी दराचं कर्ज घेऊन कार्ड बंद करा. 'नो कॉस्ट ईएमआय'च्या वाटेला जाऊ नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. ते व्याज किमतीत, सवलतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये कुठेतरी बसवलेलं असतं.

आणि हे मिस्टरांना सांगा. पार्सलं लपवणं आणि थकबाकी लपवणं, यांतलं दुसरं जास्त जड आहे आणि तेच तुम्हाला रात्री जागं ठेवत असणार. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी दारात सांगू नका. सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, बिल समोर ठेवून सांगा. आकडा आधी, कारणं मागून. आकडा उशिरा आला की ऐकणाऱ्याला वाटतं, अजून काही बाकी आहे. ते चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. ते सोसण्याजोगं आहे. बोलणं झालं की वहीतली यादी दाखवा, आणि त्यांच्या गरजा त्यांच्याच अक्षरात लिहायला द्या. एकटीने धरलेल्या व्रताला घरातले हसतात. यादीत स्वतःचं अक्षर असलं की हसत नाहीत.

वाचणारा पैसा कुठे जातो, तेही दिसलं पाहिजे, नाहीतर तो खात्यात पडून राहतो आणि 'आहेत की पैसे' म्हणून परत खर्च होतो. तुमच्या टेबलावरून रोज लोकांची पिग्मी, म्हणजे रोजची लहान ठेव, जाते. १९२८ साली उडुपीला ही पद्धत सुरू झाली, आपल्याच किनाऱ्यावर खाली, रोज थोडे थोडे साठवणाऱ्या माणसांसाठी. कार्ड फिटेपर्यंत नको, पण फिटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या नावाने सुरू करा. हप्ता लहान ठेवा, खंड पडू देऊ नका.

सणांचं विचारलंत. गणपतीत सगळ्यात जास्त पैसा मखरात आणि रोषणाईत जातो. थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, त्याच्या जागी प्लास्टिकची फुलं आणि दरवर्षी नव्या माळा आल्या. माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतो त्या रानफुला-फळांच्या मांडवाला, मात्र बाजाराची गरज फारशी कधी लागली नाही. कवंडळ, शेरवडं, हरणं, आंब्याचे टाळ, नारळ, सुपारी, आणि गौरीला तेरडा. मुलांना घेऊन सड्यावर जा आणि आणा. गेल्या वर्षीच्या दिव्यांच्या माळा लागतात का ते आत्ताच उन्हाच्या दिवसांत तपासून ठेवा. मुंबईहून येणाऱ्या मंडळींना आधी फोन करून सांगा, की यंदा मुलांसाठी वस्तू नको, तुम्ही दोन दिवस जास्त राहा. त्यांना वाईट वाटेल, याची तयारी ठेवा. कोकणातली घरं कितीतरी वर्षं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली. गिरणीत राबणारा माणूस वर्षातून एकदा यायचा, तो ट्रंकेतून कापड, बिस्किटं, खेळणं काढायचा, आणि त्या वस्तूतच त्याची सगळी माया असायची. ती रीत अजून आपल्या अंगात आहे. म्हणून नुसतं 'काही आणू नका' म्हणू नका, काय आणायचं ते सांगा. मुलांना वह्या, सासूबाईंना मुंबईतल्या त्यांच्या आवडीचा खाऊ.

संक्रांतीच्या वाणाबद्दल माझं मत ठाम आहे. प्लास्टिकच्या चाळण्या, डब्या, साबणदाण्या डझनांनी घेऊन बायांनी एकमेकींच्या घरात टाकायच्या, हे आता पुरे. आगोटीच्या वेळी थोडी जास्त आमसुलं वाळवा. कुळथाचं पीठ, घरची हळद, तिरफळं, मोगऱ्याचं नाहीतर तुळशीचं रोप, यांतलं काहीही द्या. ज्या घरी जाईल तिथे वापरलं जाईल. आळीतल्या बाकीच्याही पुढच्या वर्षी तेच करतील, बघा.

सासूबाई कदाचित म्हणतील, आमच्या वेळी दोन लुगड्यांवर वर्ष काढलं. त्यांचं ऐका, पण त्याला आदर्श करू नका. तो नाइलाज होता, आणि त्यात त्यांनीही पुष्कळ मन मारलेलं असणार. त्यांच्याकडून घ्यायचं ते कसब, उरलेल्या कापडाची गोधडी कशी शिवतात, मसाला वर्षभर कसा टिकवतात. आणि त्यांना या वर्षी काय हवंय ते विचारून यादीत लिहा. तुमच्या संकल्पापायी त्यांची जपमाळ किंवा गुडघ्याचा पट्टा राहून जाऊ नये.

ठरलेली खरेदी बाजारपेठेत जाऊन करा. तुमच्यासारखंच त्या दुकानदारांचंही सगळं पुरात गेलं होतं. तिथे कापड हातात धरून बघता येतं, शिवण उसवली तर दुकानात परत जाता येतं, आणि मुख्य म्हणजे पैसे मोजून द्यावे लागतात.

मध्ये कधीतरी घसराल. बहुधा ऑगस्टात, सलग पाऊस, वीज गेलेली, आणि हातात फोन. झालं तर त्याच वहीत लिहा, परत करता आलं तर करा, आणि पुढच्या दिवशी यादी चालू. 'मोडलंच आहे तर' म्हणून दुसरी ऑर्डर करू नका, नुकसान बहुतेक त्या दुसऱ्या ऑर्डरीत असतं.

भाचीच्या लग्नाला साडी घ्या. मनापासून घ्या. मावशीने जुनी साडी नेसून जाण्यात कसलाही मोठेपणा नाही. रक्कम आत्ताच ठरवून डिसेंबरच्या पानावर लिहा आणि दर महिन्याला तेवढे थोडे बाजूला काढा. आहेरात वस्तूपेक्षा पाकीट द्या, नव्या संसाराला काय लागतं ते तिचं ती ठरवेल. साडीच्या खरेदीला सासूबाईंना सोबत न्या, पोत त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो. आणि कार्ड घरी ठेवा.